रेट्रो अंबाडा घरच्या घरी: पफ बसू नये म्हणून काय करायचं

इंदुरात कुणाच्या संगीताला ‘रेट्रो थीम’ ठरली की पोलका डॉटची साडी आणि डोळ्यांच्या कडेला ओढलेलं लायनर एका दुपारात जमून जातं. अडतं ते केसांपाशी. लग्नसराईत पार्लरवाली दुपारी दोनची वेळ देते, कार्यक्रम रात्री आठला, आणि तोवर पफ अर्धा खाली आलेला असतो. घरी करायचं म्हटलं तर पहिल्यांदा एक-दीड तास लागतो, हात बसला की निम्म्या वेळात होतं. आणि कार्यक्रमाला निघण्याच्या थोडंच आधी करता येतं, हा फायदा मोठा आहे.

इथे सांगते आहे तो साठच्या दशकातला प्रकार: डोक्याच्या वरच्या भागावर उंच, गुळगुळीत पफ, मागे गोल अंबाडा, कानाजवळ एखादी बट. शर्मिला टागोर, आशा पारेख, साधना यांच्या त्या काळच्या छायाचित्रांत हेच थोड्याफार फरकाने दिसतं. तिकडे अमेरिकेत शिकागोच्या केशरचनाकार मार्गारेट विंची हेल्ट यांनी 1960 मध्ये एका व्यावसायिक मासिकासाठी याहून उंच, निमुळता ‘बीहाइव्ह’ तयार केला होता. तो त्यांना एका छोट्या टोपीच्या आकारावरून सुचला. तो आपल्याला नको. साडीवर तो जड दिसतो, आणि ‘सानंद’ या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला तसला उंच प्रकार करून गेलात तर मागच्या रांगेतल्या काकू मध्यंतराची वाट बघणार नाहीत, तेव्हाच बोलतील.

नवशिक्यांची सगळी भिस्त स्प्रेवर असते. अर्धी बाटली मारली की केस जागेवर राहतील असं वाटतं. राहत नाहीत. उलट ओले होऊन जड होतात आणि खाली बसतात. पफ उभा राहतो तो आत उलट्या विंचरलेल्या केसांच्या गादीवर आणि एकमेकींत अडकवलेल्या पिनांवर. स्प्रे मुख्यतः शेवटी, आणि थोडा. या लेखात गादी आणि पिना यांच्यावरच जास्त बोललेय ते म्हणूनच.

काय आणायचं

राजवाड्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांमधल्या मनिहारीच्या दुकानांत सगळं एका फेरीत मिळतं. काळ्या पिना तीस-चाळीस लागतात, हे ऐकून घाबरू नका, पाकिटं स्वस्त असतात. अंबाड्याचे आकडे, म्हणजे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे, दहा-बारा. दुकानदाराला ‘जूडा पिन’ म्हटलं की तो बरोबर काढून देतो. शेपटीचा कंगवा, म्हणजे एका टोकाला बारीक दांडी असलेला. मऊ केसांचा एक ब्रश. केसांचे भाग बाजूला धरून ठेवायला चार मोठे चिमटे. काळी रबरं, दोन-तीन. अंबाड्याची जाळी. फोमचं गोल कडं, त्याला सगळे डोनट म्हणतात. ते तुमच्या केसांच्या रंगाचंच घ्या, काळ्या केसांत तपकिरी कडं फटीतून डोकावतं. आणि हेअर स्प्रे.

पिनांवर मात्र कंजुषी करू नका. पिन हातात घेऊन उघडून सोडा. दोन्ही पाय पुन्हा घट्ट मिटले तर चांगली, मध्ये फट राहिली तर ती केस धरणार नाही. टोकांवरचे काळे थेंब गळालेल्या पिना टाकून द्या, त्या टाळूला ओरखडतात. पिन दातांनी उघडायची सवय बहुतेक घरांत असते. ती सोडा: दातांचं नुकसान वेगळंच, पण पिनही कायमची सैल होते.

दोन आरसे लागतील. एक समोर भिंतीवर, एक मागे कुणीतरी धरायला. घरात वहिनी किंवा बहीण असेल तर मागच्या भागासाठी तिला पाच मिनिटं बोलवा. नसेल तर मोबाइलने मागचा फोटो काढून बघा, तेही चालतं.

आदल्या दिवशी

केस आदल्या दिवशी धुवा. त्याच दिवशी धुतलेले केस इतके सुळसुळीत असतात की पिना हळूहळू बाहेर सरकतात. तीन-चार दिवसांचे तेलकट केस तर मुळापाशीच चिकटून बसतात. मधला एक दिवस सगळ्यात सोयीचा. कंडिशनर फक्त टोकांना, मुळांकडे नाही. तेल अजिबात नको, ‘थोडंसंच’ तेलही नको.

ज्यांच्याकडे बोरिंगचं पाणी येतं त्यांचे केस नर्मदेच्या पाण्याने धुतलेल्या केसांपेक्षा रखरखीत होतात, म्हणून त्या एरवी कुरकुरतात. या केशरचनेला मात्र ती रखरख उपयोगी पडते, केस एकमेकांना धरून राहतात.

वेळच नाही आणि त्याच दिवशी केस धुवावे लागले, तर पूर्ण वाळल्यावर मुळांपाशी थोडा ड्राय शाम्पू मारा. तो नसेल तर चिमूटभर टाल्कम पावडर बोटांनी मुळांत चोळा. काळ्या केसांवर पांढुरकी झाक दिसली तर ब्रशने झटकून टाका.

ज्यांनी नुकतंच केराटिन किंवा स्ट्रेटनिंग करून घेतलं आहे त्यांनी आधीच ऐकून ठेवा: तसे केस उलट विंचरून टिकत नाहीत, घसरतात. त्यांनी पफच्या आत फोमचा स्पंज ठेवायची वाट धरावी, ती पुढे सांगितली आहे. बाळंतपणानंतर किंवा आजारपणानंतर केस गळत असतील तर बॅककोंबिंग, म्हणजे उलटं विंचरणं, करूच नका.

मुळांना उठाव देणं

हे पाऊल बहुतेक जणी गाळतात आणि मग पफ चपटा होतो. केस किंचित दमट करा, टपकणारे ओले नकोत. वरच्या भागातले केस चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या वेल्क्रो रोलरवर गुंडाळा. बट टाळूपासून सरळ वर धरून मग मागच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे मूळ उभं राहतं. तीन-चार रोलर पुरतात. केस पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. ड्रायर मारला तर नंतर दहा मिनिटं गार होऊ द्या आणि मगच रोलर काढा.

यामागचं कारण कळलं की घाई होत नाही. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. त्यातले काही बंध पाण्याने आणि उष्णतेने सैल होतात, आणि केस वाळताना, गार होताना ज्या आकारात असतील त्या आकारात पुन्हा जुळतात. दमट असतानाच रोलर काढला तर ते बंध जुळतात ते आडव्या पडलेल्या केसांत. पावसाळ्यात अंबाडा लवकर ढिला होतो तोही याच कारणाने: हवेतला दमटपणा ते बंध पुन्हा सैल करतो.

रोलर नसतील तर आदल्या रात्री दमट बटा बोटाभोवती गुंडाळून, टाळूशी चपट्या वेटोळ्यासारख्या ठेवून, दोन पिना फुलीसारख्या लावून झोपा. जुन्या काळी असंच करत. वर सुती रुमाल बांधा.

भाग पाडणं

शेपटीच्या दांडीने एका कानापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंत रेघ काढा. पुढचे आणि मागचे केस वेगळे झाले.

पुढच्या केसांतून, कपाळाच्या कडेची सुमारे तीन सेंटिमीटरची पट्टी चिमट्याने पुढे अडकवून ठेवा. हे झाकणाचे केस. यांना उलटं विंचरायचं नाही, हे शेवटी गादीवर पसरायचे आहेत. दोन्ही कानांच्या वरचे केसही चिमट्यांनी बाजूला.

आता उरला तो डोक्याच्या माथ्याचा भाग. साधारण एका भुवईच्या कमानीपासून दुसऱ्या भुवईच्या कमानीपर्यंत रुंद, आणि मागे जिथे डोक्याचा गोलावा खाली वळतो तिथपर्यंत. पफ याचा. तोही चिमट्यात धरा.

मागचे उरलेले केस गोळा करून रबराने पोनी बांधा. कुठे? अंबाडा जिथे हवा तिथे. साठच्या दशकातला अंबाडा डोक्याच्या मागच्या बाजूला, मध्याच्या थोडा वर असे. मानेवर टेकलेला नव्हे. पोनी घट्ट हवी कारण सगळ्या पिना तिच्याच बुडाशी अडकणार आहेत. पण इतकी घट्ट नको की भुवया वर ओढल्या जातील. तसं तासाभर राहिलं की डोकं दुखतं, आणि नेहमी ओढून बांधल्याने कानशिलावरचे केस विरळ होत जातात.

गादी

आता खरं काम. माथ्याचा भाग सोडा. पोनीच्या जवळची, म्हणजे सगळ्यात मागची, दोन सेंटिमीटर जाडीची आडवी बट घ्या. बाकीचे पुढे ठेवा.

बट डाव्या हाताने टोकाशी धरून सरळ वर ताणा. ताण सुटू देऊ नका; सैल बटेत कंगवा नुसता गुंता करतो. मुळापासून सात-आठ सेंटिमीटरवर कंगवा घाला आणि खाली टाळूकडे दाबत न्या. कंगवा बाहेर काढा. पुन्हा त्याच ठिकाणी घाला, पुन्हा खाली. चार-पाच वेळा. आखूड केस खाली सरकून मुळाशी जमतात, त्यांची एक दाट उशी तयार होते. मग दोन-तीन सेंटिमीटर वरून आणखी तीन-चार वेळा.

कंगवा खाली-वर, खाली-वर असा घासायचा नाही. केसाच्या पृष्ठभागावर मुळाकडून टोकाकडे जाणारे बारीक खवले असतात. खाली नेताना ते उचकटले जातात आणि त्यामुळेच केस एकमेकांत अडकतात. वर नेताना तुम्ही केलेलं काम तुम्हीच सोडवता, वर केस तुटतात ते वेगळे. फक्त खाली.

झालेली बट मागे पडू द्या. गादीच्या मुळाशी स्प्रेचा एक हलका झोत, फक्त मुळाशी. पुढची बट घ्या. मागून पुढे येत येत पाच-सहा बटा होतील. आरशात बघाल तर डोकं भुतासारखं दिसेल. ते तसंच दिसायला हवं. इथे घाबरून विंचरायला घेणाऱ्या मुलींना हात धरून थांबवावं लागतं.

सगळ्यात पुढच्या बटेला फक्त तिच्या मागच्या बाजूने कंगवा लावा. तिची पुढची बाजू दिसणार आहे, ती साफ राहू द्या.

बोटाने दाबून बघा. दाबलेलं परत वर आलं तर गादी तयार. बोटासकट खाली बसून तिथेच राहिलं तर मुळाशी काम कमी झालंय, कंगवा वरच्या वर फिरलाय. त्या बटा परत घ्या. पुढे जाऊन स्प्रेने हे सुधारत नाही.

वर झाकण

माथ्याचे केस सगळे मागे टाका. पुढची तीन सेंटिमीटरची पट्टी सोडा आणि गादीवरून मागे न्या. मऊ ब्रश हलक्या हाताने, नुसता पृष्ठभागावर. ब्रशचे केस गादीत शिरले तर गादी विरघळते. कपाळापासून मागे पोनीपर्यंत गुळगुळीत झालं पाहिजे, बाकी आत काय आहे ते कुणी बघत नाही.

केसांची टोकं पोनीच्या बुडाशी एका हातात धरा आणि तो हात किंचित पुढे ढकला. पफ वर उठतो. एक सेंटिमीटर पुढे ढकललं तर बऱ्यापैकी उंची येते. ज्यांचा चेहरा लांबट आहे त्यांनी उंची बेताची ठेवून कानांच्या वर थोडी रुंदी द्यावी; गोल चेहऱ्याला उंची खुलते. तिथेच धरून ठेवा, पिना लावेपर्यंत हात हलवायचा नाही. वहिनीला बोलवायची वेळ ती हीच.

पिना

काळ्या पिनेची एक बाजू सरळ असते आणि एक नागमोडी. नागमोडी बाजू टाळूकडे. घरोघरी उलट लावतात, कारण सरळ बाजू लपवावी असं वाटतं. पण केस धरून ठेवायचं काम नागमोडी बाजूचं आहे. लावण्याआधी पिनांवर थोडा स्प्रे मारून घेतला तर त्या घसरत नाहीत.

पफचे केस पोनीच्या बुडाशी जिथे धरलेत तिथे पहिली पिन आडवी लावा: थोडे पफचे केस, थोडे खालचे पोनीचे केस, दोन्ही धरून. दुसरी पिन तिला छेदून, फुलीसारखी. तिसरी दुसरीला छेदून. अशी एकीत एक अडकलेली ओळ, पोनीच्या वरच्या अर्ध्या गोलाभोवती. सुट्या लावलेल्या दहा पिनांपेक्षा अशा पाच जास्त धरतात, कारण एकीला सरकायचं तर दुसरी अडवते.

हात सोडा. डोकं हळूच डावीकडे, उजवीकडे, खाली. पफ जागचा हलला नाही तर पुढे जा. शेपटीची दांडी पफच्या आत घालून दोन-तीन ठिकाणी हलकेच वर उचला, जिथे खळगा दिसतो तिथे. बारीक खळगे हाताला कळतात, डोळ्याला नाही. तळवा फिरवून बघा.

आता कानांवरचे केस. ते कानाच्या वरचा भाग झाकत मागे न्या, एक पीळ द्या आणि पोनीच्या खाली पिना लावून बसवा. चेहऱ्याजवळ एखादी बट हवी असेल तर ती आत्ताच वगळून ठेवा, नंतर बाहेर ओढाल तर सगळी बाजू सैल होईल.

अंबाडा

पोनी फोमच्या कड्यातून बाहेर काढा, कडं बुडाशी बसवा. पोनीचे केस कड्यावर चारी बाजूंनी कारंज्यासारखे पसरवा, वरून एक पातळ रबर लावा. उरलेली टोकं दोन भागांत करून कड्याच्या बुडाभोवती उलट्या दिशांनी गुंडाळा आणि पिना लावून लपवा.

आता आकडे. आकडा नुसता टोचला तर तो अर्ध्या तासात बाहेर येतो. त्याची एक पद्धत आहे. आकड्याची टोकं अंबाड्याच्या बाहेरच्या कडेला, डोक्यापासून दूर वळलेली धरा. अंबाड्यातले थोडे केस दोन्ही पायांत घ्या. आता आकडा उलटवा, टोकं डोक्याकडे करा, आणि अंबाड्याच्या मध्याच्या दिशेने आत सारा. उलटताना घेतलेले केस ताणले जातात आणि आकडा बसतो. दुखलं नाही पाहिजे. टोचलं तर तो टाळूत घुसतोय. काढून परत लावा. तीन तास टोचणारा आकडा सहन करत बसू नका. चारी दिशांना एकेक, मग मधल्या जागांत. शेवटी जाळी.

कडं नको असेल तर फ्रेंच रोल करता येतो: पोनी न बांधता मागचे सगळे केस एका बाजूला विंचरून, डोक्याच्या मध्यावर पिनांची उभी ओळ लावायची, केस त्या ओळीवरून उलट दिशेला वळवून आत दुमडायचे आणि दुमडीत आकडे लावायचे. दिसायला सुरेख, पण पहिल्याच खेपेला करू नका. कड्याचा अंबाडा आधी जमू द्या.

बट आणि झुलपं

कानाजवळची बट साधारण करंगळीच्या जाडीची. टाँगचं, म्हणजे बट वळवायच्या गरम दांडीचं, तापमान बारीक, नाजूक केसांना 150 अंशांच्या आत. जाड केसांना 180 पुरतं. वेटोळं हातात धरून गार करा आणि मग सोडा. केसांवर स्प्रे ओला असताना टाँग लावायचं नाही, स्प्रे केसांवर भाजला जातो.

कपाळावर झुलपं हवी असतील तर जपून. 1960 च्या ‘लव्ह इन सिमला’ चित्रपटातल्या साधनाच्या कपाळावरची झुलपं ऑड्री हेपबर्नवरून बेतलेली होती, रुंद कपाळ झाकायला. ‘साधना कट’ म्हणून ती इतकी चालली की मुली न्हाव्याकडे नाव सांगून कापून घेत. पण एका संध्याकाळसाठी कात्री चालवू नका. पुढच्या पट्टीतले थोडे केस तिरपे कपाळावरून नेऊन कानामागे पिनेने लपवले की फोटोत भागतं. बाकी या सगळ्या नायिकांना जिने आवाज दिला ती लता मंगेशकर जन्मली आपल्याच इंदूरच्या शीख मोहल्ल्यात, 28 सप्टेंबर 1929 ला, आणि स्वतः बहुतेकदा दोन वेण्यांत दिसायची. तेव्हा ज्यांना ही सगळी कटकट नको त्यांनाही रेट्रो थीममध्ये जागा आहे. पांढरी साडी आणि दोन वेण्या, झालं.

स्प्रे, आणि एक सावधगिरी

पंचवीस-तीस सेंटिमीटरवरून, डोक्याभोवती फिरवत, पातळ थर. डोळे हाताने झाका. एक मिनिट थांबा, मग दुसरा थर. बारीक उभे राहिलेले केस बोटावर थोडा स्प्रे घेऊन बसवा.

स्प्रेच्या डब्यात ज्वलनशील वायू असतो आणि आतल्या द्रावणात बहुतेक वेळा अल्कोहोल. गॅसची शेगडी, समई, उदबत्ती असलेल्या खोलीत मारू नका. आपल्याकडे लग्नघरात नवरी किंवा करवली तयार झाली की लगेच कुणीतरी निरांजन घेऊन ओवाळायला येतं. स्प्रे पूर्ण वाळेपर्यंत आत्यांना थांबायला सांगा. त्या रागावतील, रागावू देत.

फुलं, हवा, गाडी

गजरा अंबाड्याच्या बुडाशी अर्धगोल, दोन्ही टोकांना एकेक पिन आणि मध्ये एक आकडा. मोगऱ्याचा गजरा ओला असतो, पाणी झटकून, रुमालात टिपून मग लावा. त्याच पाण्याने गादी ढिली होते. जाड, दोन पदरी गजरा या अंबाड्याला ओझं होतो. साठच्या दशकाचाच थाट हवा तर कानामागे एक गुलाब किंवा पफच्या पुढे साडीच्या रंगाची अरुंद रिबीन बांधा. रिबीन पफची पुढची कड धरूनही ठेवते.

जुलै-ऑगस्टात उंची थोडी कमीच ठेवा आणि जाळी चुकवू नका. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत केस विजेने उडतात. हातांना नावापुरतं क्रीम लावून ते तळवे पफवरून फिरवले की बसतात. मे महिन्यात घामाने मुळं ओली होतात, तेव्हा तयार झाल्यावर पंख्याखाली बसा, स्वयंपाकघरात जाऊ नका, कुणी कितीही हाक मारो.

दुचाकीवरून जायचं असेल तर हा अंबाडा विसरा. हेल्मेट यावर बसत नाही, आणि हेल्मेटशिवाय जायचं नाही. रिक्षा किंवा गाडी करा. गाडीतही सीटच्या डोकं टेकायच्या उशीला टेकलात तर मागून चपटा होतो. थोडं पुढे सरकून बसा. रंगपंचमीच्या गेरेला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, म्हणून करू नये, हे वेगळं सांगायला नको.

केस कमी, आखूड किंवा कुरळे

विरळ किंवा स्ट्रेट केलेल्या केसांत गादीऐवजी फोमचा किंवा जाळीत भरलेल्या कृत्रिम केसांचा छोटा स्पंज माथ्यावर ठेवा, चारी बाजूंनी पिना लावा, आणि वरून पुढची पट्टी मागे न्या. त्या वेळी पट्टी तीनऐवजी पाच-सहा सेंटिमीटर घ्या, नाहीतर स्पंज दिसतो. आजीच्या काळी बायका गळालेले केस साठवून त्यांचं गंगावन करून घ्यायच्या; रंग आपोआप जुळायचा. आता तयार मिळतं, उजेडात नेऊन आपल्या केसांशी ताडून घ्या, दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नका. खांद्यापर्यंतच्या केसांना छोटं कडं घ्या. त्याहून आखूड असतील तर नुसता पफ करा आणि खाली केस बाहेर वळवून सोडा, तेही त्या काळचंच आहे.

कुरळ्या केसांना उलटं विंचरायची गरज नाही. त्यांचा फुगीरपणाच गादीचं काम करतो. फक्त पुढची पट्टी ड्रायरने सरळ करून झाकण म्हणून वापरा.

सोडवताना

रात्री बाराला घरी आल्यावर कितीही झोप आली असली तरी तसंच झोपू नका. सकाळी गुंता दुप्पट होतो आणि आकडा टोचून जाग येते. आधी गजरा, जाळी, मग आकडे, मग पिना. किती लावल्या ते लक्षात ठेवलं असेल तर बरं, एखादी हमखास आत राहते. बोटांनी टाळू चाचपून बघा.

सरळ न्हाणीघरात जाऊन शाम्पू ओतायचा नाही. गादीवर पाणी आणि फेस पडला की तिचा गोळा होतो आणि मग कात्रीशिवाय सुटत नाही. कोरड्या केसांना खोबरेल तेल किंवा कंडिशनर भरपूर लावा, पाच-दहा मिनिटं ठेवा. बोटांनी मोठ्या गाठी मोकळ्या करा. मग जाड दातांचा कंगवा, टोकांपासून. टोकाचे चार बोटं सुटले की त्याच्या वरचे चार बोटं, असं मुळाकडे. मुळापासून सुरू केलंत तर सगळा गुंता टोकाला जाऊन बसतो. बट मुळाशी मुठीत धरून विंचरलं की ओढ टाळूला लागत नाही.

मग धुवा, पहिल्या शाम्पूने स्प्रे पूर्ण निघत नाही, दुसरा हात लागतो. त्यानंतर निदान आठवडाभर सैल वेणी ठेवा, उलटं विंचरणं नको. फोमचं कडं आणि जाळीही साबणाच्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा. स्प्रेने कडक झालेली जाळी पुढच्या वेळी अंबाड्यावर बसत नाही, आणि पिना पुसून डबीत टाका, ओल्या राहिल्या तर गंजतात.